तीन लोंब्या आणि एक घड्याळ

कुंडीत झाडं लावायचा छंद असलेल्या लोकांची एक गंमत असते. विकत आणलेल्या झाडापेक्षा कुणाकडून तरी मागून आणलेल्या झाडाचं त्यांना जास्त कौतुक. मनीप्लँटची फांदी, ब्रह्मकमळाचं पान, जास्वंदीचं कलम असं काय काय या घरातून त्या घरात जात असतं. त्यातले काही हौशी तर चिठ्ठी लावून ठेवतात: अमक्या तारखेला आणलं, तमक्या तारखेला पहिलं पान फुटलं. पण रोप चौथ्या घरी पोचलं की पहिल्या घराचं नाव गळून पडतं. झाड वाढतं, नोंद मरते.

आता कुंडीतल्या झाडाचं तसं झालं तर कुणाचं काही बिघडत नाही. पण हाच प्रकार एका पिकाच्या बाबतीत झाला तर? तो झालाय, आणि आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात. त्याचीच ही गोष्ट.

नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. (मराठवाड्यातलं नव्हे, हे झाडीपट्टीतलं छोटं खेडं.) चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा सगळा धानाचा मुलूख. जंगल, तलाव आणि बांध्या. या गावात दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ साली त्यांच्या बांधीत 'पटेल-३' हे वाण उभं होतं. त्यात त्यांना तीन लोंब्या जरा वेगळ्या, पिवळसर दिसल्या. दुसरा कुणी असता तर सगळ्याबरोबर कापून मोकळा झाला असता. दादाजींनी त्या वेगळ्या काढून जपून ठेवल्या.

पुढच्या वर्षी त्यांनी ते दाणे शेतात मधोमध लहानशा तुकड्यात लावले आणि रानडुकरांपासून वाचवायला भोवती काटेरी कुंपण केलं. त्यातून निघालेलं बी पुन्हा वेगळं ठेवलं, पुन्हा लावलं. असं वर्षामागून वर्ष, १९८८ पर्यंत. दाणा बारीक, भात खायला चांगला आणि उतारा बाकीच्यांपेक्षा सरस, अशी खात्री पटायला ही पाच वर्षं लागली.

इथे थोडं विज्ञान. धानाचं फूल स्वतःच्याच परागावर फळतं. बाहेरचे पराग लागून संकर होण्याचं प्रमाण सहसा शंभरात एकापेक्षाही कमी. म्हणून एखाद्या लोंबीत काही वेगळं आलं आणि ती बाजूला काढून लावत राहिलं, तर तो वेगळेपणा पिढ्यानपिढ्या टिकू शकतो. धोका असतो तो सरमिसळीचा. खळ्यावर, पोत्यात, शेजारच्या बांधीतून दुसरं बी मिसळतं आणि सगळी मेहनत पाण्यात. तेव्हा तो वेगळा तुकडा आणि ते कुंपण म्हणजेच दादाजींची नोंदवही होती असं मी म्हणेन. आम्ही संगणकवाले मूळ प्रत वेगळी ठेवून बदल करून बघतो, तेच. फक्त आमचा एक प्रयोग दहा मिनिटांत होतो, त्यांचा एक प्रयोग म्हणजे एक पावसाळा!

मग बी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नेलं, त्यांच्याकडून पुढच्या गावांनी. धान बाजारात आलं आणि व्यापाऱ्यांना विकायला नाव हवं झालं. त्या काळी ज्याच्या त्याच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ. झालं, धानाचं नाव पडलं 'एचएमटी'! गावाचं नाही, माणसाचं नाही, घड्याळाचं नाव. वाण शेजारच्या राज्यांतही गेलं. आज मुंबई-पुण्याच्या वाण्याकडे 'एचएमटी कोलम' मागणाऱ्या किती जणांना नागभीड माहीत असेल?

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानं दादाजींकडून पाच किलो बी नेलं. हे केंद्र अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. १९९८ साली विद्यापीठानं 'पीकेव्ही-एचएमटी' या नावानं वाण प्रसारित केलं. विद्यापीठाची बाजू अशी की शेतकऱ्यांकडचं बी भेसळीचं झालं होतं, ते आम्ही शुद्ध केलं. हे काम खोटं नाही. हातोहात फिरलेलं बी शुद्ध करायला खरोखर काही हंगाम घालवावे लागतात. पण शुद्ध करणं आणि शोधणं यात फरक आहे ना! दुसऱ्याच्या प्रोग्राममधल्या चुका काढल्या म्हणून तो आपण लिहिलेला होत नाही. नाव लावायचं तर दोन्ही लावा. वाणाला पुढे 'पीकेव्ही' लागलं, खोब्रागडे काही लागलं नाही.

आणि गंमत (खरं तर दुःख) अशी की दादाजींना हक्क मागायला तेव्हा कायदाच नव्हता. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा संसदेत झाला २००१ साली. त्यात शेतकऱ्यांनी निर्माण केलेल्या वाणांची नोंदणी करता येते आणि बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा हक्कही शाबूत राहतो. चांगलाच कायदा आहे. पण एचएमटी त्याच्या कितीतरी आधी घरोघरी पोचलं होतं.

नाव झालं ते उशिरा. अहमदाबादचे प्रा. अनिल गुप्ता ज्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाशी निगडित, त्यानं दादाजींच्या कामाची नोंद घेतली. राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स'च्या यादीत भारतातल्या ग्रामीण उद्योजकांमध्ये त्यांचं नाव आलं. पैसा मात्र आला नाही. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्राममधल्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं, तेव्हाही घरची परिस्थिती ओढगस्तीचीच होती.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एचएमटीवर दादाजी थांबले नाहीत, त्यांनी आणखी वाणं काढली. त्यांची नावं बघा: नांदेड ९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, नांदेड चिन्नूर. आणि एक 'डीआरके', म्हणजे दादाजी रामाजी खोब्रागडे! चिठ्ठी गळून पडते ना, मग नावातच गाव आणि माणूस घालून टाकला. आता बी चौथ्या काय, चाळिसाव्या घरी गेलं तरी नाव घेताना नांदेडचा उच्चार होणारच. तिसरी शिकलेल्या माणसाचा हा उपाय कुठल्याही नोंदवहीपेक्षा पक्का आहे.

बाकी घड्याळाचं म्हणाल, तर एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ साली घेतला. घड्याळाचं नाव आता तांदळाच्या जोरावर टिकून आहे.

असो. पुढच्या वेळी भात निवडायला घ्याल तेव्हा वाण कुठलं ते घरच्यांना सांगा, आणि ते शोधलं कुणी तेही. तेवढीच नोंद.