परभणीचं तिकीट आणि सिकंदराबादची मेमरी

तर मंडळी, आज थोडा इतिहास... पण आपल्याच धंद्यातला.

परभणी जंक्शन मराठवाड्यात असलं तरी तिथले रूळ दक्षिण मध्य रेल्वेचे. निजामाच्या काळातली मनमाड-सिकंदराबाद लाईन १९६६ मध्ये या झोनकडे आली. त्यामुळे परभणीच्या खिडकीवर देवगिरीचा फॉर्म दिला, की बर्थ आहे की नाही हे विचारलं जायचं तीनशेहून जास्त किलोमीटरवरच्या सिकंदराबादच्या सर्व्हरला!

संगणकीय आरक्षण दिल्लीत १९८५ साली सुरू झालं, डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स मशीनवर. पुढे रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेने 'कॉन्सर्ट' ही प्रणाली बनवली. ती आधी सिकंदराबादला आली, १९९४ मध्ये. १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाचही केंद्रं जोडली गेली.

या सगळ्याच्या खाली होती व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टम, जन्म १९७७. तेव्हा मेमरी म्हणजे सोनं. प्रोग्रॅमला दिसायची ४ जीबी, पण मशीनमध्ये असायची जेमतेम काही एमबी. मग वाटणी कशी करायची?

व्हीएमएसचं उत्तर मला फार आवडतं. प्रत्येक प्रोसेसला तिचा ठरलेला कोटा. तो भरला आणि आणखी पान हवं असेल, तर स्वतःचंच जुनं पान सोडायचं, शेजाऱ्याचं ओढायचं नाही. सोडलेलं पान लगेच पुसलं जात नाही, एका यादीत थांबतं. लगेच परत लागलं तर तिथूनच मिळतं, डिस्कपर्यंत जावं लागत नाही. मशीनमध्ये मेमरी मोकळी असेल तर कोट्याच्या वर थोडी उधारीही मिळते, पण टंचाई आली की परत करायची.

ट्यूनिंग म्हणजे हे आकडे ठरवणं. कोटा फार कमी ठेवला तर प्रोसेस सतत डिस्ककडे धावते, फार जास्त ठेवला तर बाकीचे उपाशी. अंदाजाने आकडे टाकू नयेत म्हणून 'ऑटोजेन' नावाचं साधन होतं. सिस्टम काही दिवस खऱ्या लोडवर चालू द्यायची, मोजमाप घ्यायचं, मग बदलायचं.

आता समजा, सकाळी आरक्षण उघडलंय, रांग दारापर्यंत गेलीय आणि त्याच मशीनवर कोणीतरी एक जाडजूड रिपोर्ट चालवला. कोटा नसेल तर तो रिपोर्ट खिडक्यांची कामं करणाऱ्या प्रोसेसची पानं बाहेर ढकलणार. मेमरीतलं काम मायक्रोसेकंदाच्या आत होतं, डिस्कला मिलिसेकंद लागतात. परभणीच्या रांगेतल्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. तेवढ्या वेळात दुसऱ्या गावच्या खिडकीवर शेवटचा बर्थ गेलेला असतो, बस्स.

गंमत म्हणजे लिनक्समध्ये मेमरी बहुतेक सामाईकच असायची. गटागटाला मर्यादा घालायची सोय कर्नलमध्ये आली २००८ साली, आणि आज आपण कंटेनरला जी मेमरी लिमिट लावतो ती त्यावरच चालते. ती किती ठेवायची, हा प्रश्न मात्र १९७७ चाच आहे. म्हणून पुढच्या वेळी तो आकडा डोळे मिटून कॉपी-पेस्ट करू नका. आधी मोजा. त्या आकड्यावरच ठरतं, रांगेत कोण ताटकळणार ते.