जर्मनचे भांडे

मराठीत ॲल्युमिनियमला ‘जर्मन’ म्हणतात, कोठे ‘जर्मल’. जर्मन सिल्व्हर हा खरे तर तांबे, जस्त आणि निकेल यांचा निराळाच मिश्रधातू. त्यात ना चांदी, ना ॲल्युमिनियम. त्याचे नाव या धातूला चिकटले असावे, असा माझा तर्क. नावात थोडी तुच्छताही आहे: पितळ फडताळात मांडावे, जर्मन मोरीपाशी.

पितळेला मान होता, पण त्याला कल्हई लागे. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक वा आमसुलाचे सार कळकते, म्हणून कथील आणि नवसागर घेऊन कल्हईवाला दारी येई. (वर्गात आता ‘कळकणे’ फोडून सांगावे लागते.) १८९८ मध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासच्या कलाशाळेत ॲल्युमिनियमची भांडी घडविण्यास प्रारंभ केला. या भांड्यांना कल्हई नको होती. हवा लागताच ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा, काही नॅनोमीटर जाडीचा, पापुद्रा धरतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो. हा मात्र धातूला बिलगून राहतो. कल्हई त्याच्या अंगचीच.

आपण मात्र त्याला पितळेचाच न्याय लावला. राखेतला क्षार आणि चिंचेतले आम्ल, दोन्ही हा पापुद्रा विरघळवतात. पितळ ज्याने उजळते, त्यानेच जर्मन झिजते.

दुसरा वैरी मीठ. कुंडलिका रोह्यावरून वाहत रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते; पेणकडे मिठागरे. मिठातले क्लोराइड पापुद्र्याला जागोजाग भेदते आणि धातूवर बारीक खड्डे पडतात. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांपुढेही हेच संकट होते. त्यांच्या ड्युराल्युमिनमध्ये बळकटीसाठी तांबे घातलेले असे, आणि त्या तांब्यानेच धातू अधिक गंजे. १९२३ मध्ये इंग्लंडात बेंगो आणि स्टुअर्ट यांनी असे भाग क्रोमिक आम्लात बुडवून विजेच्या धनाग्राला जोडले. पापुद्रा जाड झाला. हेच ॲनोडायझिंग. १९२७ मध्ये गंधकाम्लाची रीत आली. तिने चढलेला थर कित्येक मायक्रॉनचा, पण सच्छिद्र असतो. त्यात हवा तर रंग भरून उकळत्या पाण्यात छिद्रे मिटवतात. खिडक्यांच्या ॲल्युमिनियम चौकटी खाऱ्या हवेत टिकतात, त्या अशा थराच्या बळावर.

उकळते पाणी साध्या जर्मनवरही काम करते. पाणी तापवून तापवून पातेले आतून काळवंडते, ते बहुधा त्याच ऑक्साइडचा थर वाढल्याने. माझी आई ते राखेने, पांढरे होईपर्यंत, घासत असे.