बिनबाळाचा डबा

बोईसर स्टेशनबाहेरच्या कुठल्याही औषधाच्या दुकानात पाहा. साबणावर, तेलावर, डायपरच्या पाकिटावर गुबगुबीत बाळं हसत असतात. दूध-भुकटीच्या डब्यावर मात्र बाळ नाही, आईही नाही. या रिकाम्या जागेला दीडशे वर्षांचं कूळ आहे.

१८६७ साली स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावी हेन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचं पीठ आणि साखर यांचा बाळांसाठी आहार तयार केला. पुढच्याच वर्षी घराण्याच्या चिन्हावरून त्याची खूण ठरली : घरट्यात पिलांना भरवणारी पक्षीण. म्हणजे डबा आला तोच आईचं रूप घेऊन. आपल्याकडे आधी ग्लॅक्सोचा डबा आला. पुढे आणंदच्या अमूलने म्हैसूरच्या अन्नतंत्र संस्थेच्या मदतीने म्हशीच्या दुधाची बाळभुकटी काढली. ‘अमूल बेबी’ हा तर आपल्या बोलीतला शब्दच झाला. बाळसं कसं असावं, हे आजीऐवजी डबा ठरवू लागला. डब्यावरच्या गुबगुबीत बाळाशी आपलं लेकरू ताडून पाहणाऱ्या आईला वाटू लागलं, माझं दूध पुरत नाही.

गरिबाघरी याची किंमत जबर होती. भुकटी महाग, म्हणून ती पातळ करायची. पाणी गढूळ, बाटली नीट न उकळलेली. मग जुलाब आणि उपासमार. १९७४ साली ‘द बेबी किलर’ या ब्रिटिश पुस्तिकेने हे जगापुढे मांडलं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची संहिता आली आणि १९९२ मध्ये भारताचा कायदा. डब्यावर बाळाचं वा बाईचं चित्र नको, खप वाढवणारी चित्रं नकोत, आईच्या दुधाशी बरोबरी सांगणारे शब्द नकोत. उलट ‘आईचं दूध सर्वोत्तम’ ही सूचना ठळक हवी. २००३ च्या दुरुस्तीने कायदा आणखी कडक झाला. डबा विकायला मनाई नाही. मनाई आहे ती भुलवायला.

त्याच १९९२ च्या सुमारास जव्हारच्या डोंगराळ वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली. ती डब्याने नव्हे, दारिद्र्याने गेली. पण या कायद्याचं मोल त्या डोंगरावरून नेमकं कळतं. शेजारच्या मोखाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे प्रत्येक वेळी उकळलेलं पाणी आणि स्वच्छ बाटली कुठून आणायची? आईच्या दुधाला दोन्ही लागत नाहीत.

तारापूरच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या बाईला बाळाला वेळेवर पाजता येत नाही, ही अडचण खरी आहे. डॉक्टरांनी सांगितलं तर डबा जरूर घ्यावा. एरवी सहा महिने आईचं दूध, आणि उष्टावण झालं की त्याच्या जोडीला नागलीची पेज, मऊ वरणभात. डब्यावरचं चित्र कायद्याने काढून टाकलं. त्या जागी उरलेली अक्षरं वाचणं आपल्या हाती आहे. शेजारणीला वाचता येत नसेल, तर तिला ती वाचून दाखवा.