तेरावे पत्र : जावास्क्रिप्टमधील एका उणिवेचा इतिहास

माझ्या प्रबंधातील बारा पत्रांची सूची मी एका साध्या वेबपानावर मांडली होती. पत्रावर टिचकी मारली की त्याचा क्रमांक दिसावा, एवढीच अपेक्षा. पहिल्या पत्रावर टिचकी मारली, उत्तर आले १३. सातव्यावर मारली, पुन्हा १३. तेरावे पत्र तर अस्तित्वातच नव्हते. दोन रात्री घालवल्यावर उमगले की या चुकीचे मूळ मे १९९५ मधील दहा दिवसांत आहे. आजचा धागा त्या दहा दिवसांचा, आणि त्यांच्या आधीच्या पस्तीस वर्षांचाही.

प्रथम मूळ प्रश्न. पेशवे दफ्तरातील एखाद्या कागदात नुसते ‘श्रीमंत’ असा उल्लेख येतो. हे श्रीमंत कोण, पहिले बाजीराव की दुसरे? नावात उत्तर नसते. तो कागद कोणत्या काळातला, कोणत्या प्रकरणातला, यावर ते ठरते. प्रोग्रॅममध्येही एकच नाव अनेक ठिकाणी येते आणि कोणत्या ठिकाणी त्याचा कोणता अर्थ घ्यायचा, याचे नियम लागतात. नावाच्या या व्याप्तीलाच ‘स्कोप’ म्हणतात.

१९६० च्या अल्गोल भाषेने याचे देखणे उत्तर दिले. ‘बिगिन’ आणि ‘एंड’ या दोन शब्दांमधला मजकूर म्हणजे एक ब्लॉक. आत घोषित केलेले नाव आतच जगते, बाहेर त्याला ओळख नाही. त्याच सुमारास जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पमध्ये मात्र निराळी रीत रुजली. तिथे नावाचा अर्थ ते कुठे लिहिले आहे यावरून ठरत नसे. त्या वेळी कोणी कोणाला हाक मारली आहे, यावरून ठरे. म्हणजे कागद कोणी वाचायला घेतला त्यावर ‘श्रीमंत’ बदलणार! १९७५ मध्ये एमआयटीत जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी ‘स्कीम’ घडवली आणि लिस्पच्या घराण्यात अल्गोलची शिस्त आणली. स्टील यांचे नाव लक्षात ठेवा.

आता १९९५. नेटस्केप कंपनीने ब्रेंडन आइक यांना ब्राउझरमध्ये स्कीम बसवण्याची आशा दाखवून बोलावले. प्रत्यक्षात वरिष्ठांना हवी होती जावासारखी दिसणारी, पण नवख्यांनाही झेपणारी भाषा. मे महिन्यात दहा दिवसांत आइक यांनी तिचा पहिला नमुना उभा केला. सप्टेंबरात ती ‘लाइव्हस्क्रिप्ट’ होती, डिसेंबरात ‘जावास्क्रिप्ट’ झाली. (नावातील जावा हा बाजारातील लौकिकाचा भाग, नातेसंबंध शोधू नयेत.)

या घाईत ब्लॉकची व्याप्ती राहून गेली. महिरपी कंस जावातून आले, पण त्यांच्यासोबतचा नियम आला नाही. ‘व्हार’ या शब्दाने घोषित केलेले नाव कंसापुरते न राहता संपूर्ण फंक्शनभर पसरते. फंक्शनबाहेर असेल तर साऱ्या पानाचे होते. आणखी एक विचित्र प्रकार म्हणजे घोषणा दहाव्या ओळीवर असली, तरी पहिल्या ओळीपासून ते नाव ओळखीचे असते, फक्त त्यात मूल्य नसते. याला ‘होइस्टिंग’ म्हणतात. फंक्शन लिहिण्याआधीच त्याला हाक मारता यावी, अशी सोय करायची होती. व्हार त्या प्रवाहात ओढले गेले. हा अनपेक्षित परिणाम होता, अशी कबुली आइक यांनी पुढे स्वतःच दिली आहे.

त्याहून घातक होती दुसरी सवलत. घोषणा न करताच एखाद्या नावाला मूल्य दिले, तर भाषा निमूटपणे त्याला सार्वत्रिक करी. एका अक्षराची चूक आणि पानावर नवे नाव जन्माला आले! पानावर चार-पाच ओळींचीच स्क्रिप्ट असेल, हा तेव्हाचा अंदाज होता, त्यामुळे तेव्हाच्या दृष्टीने ही उदारता गैर म्हणता येत नाही. पाने मात्र वाढत गेली.

जून १९९७ मध्ये या भाषेचे पहिले प्रमाण, ‘एक्मा-२६२’, प्रसिद्ध झाले. त्याचे संपादक कोण? गाय स्टील. स्कीमच्या दोन जनकांपैकी एकाच्या हातून व्हारचे नियम अधिकृत शब्दांत उतरले. माझ्या मते या कथेतील सर्वांत चटका लावणारा प्रसंग हाच.

मग व्हार सुधारले का नाही? कारण तोवर असंख्य पाने त्याच्या वागण्यावर विसंबली होती. कंसात घोषित केलेले नाव कंसाबाहेर वापरणारी पाने नियम बदलताच मोडली असती, आणि त्यांपैकी कित्येकांचे कर्ते ती कधीच सोडून गेले होते. प्रोग्रॅमरांनी पळवाट काढली : सगळा मजकूर एका निनावी फंक्शनात गुंडाळायचा आणि ते तिथेच चालवायचे. फंक्शनची भिंत तेवढी भरवशाची होती.

‘लेट’ हा नवा शब्द २००६ मध्ये फायरफॉक्स २ मध्ये दिसला, पण प्रमाणात शिरायला त्याला नऊ वर्षे लागली. मधल्या काळात चौथ्या आवृत्तीचा महत्त्वाकांक्षी आराखडा वादांत सापडून २००८ मध्ये सोडून द्यावा लागला. २००९ च्या पाचव्या आवृत्तीने ‘स्ट्रिक्ट मोड’ आणला; तो स्वीकारणाऱ्या स्क्रिप्टमध्ये अघोषित नावाला मूल्य देणे ही चूक ठरली. अखेर जून २०१५ मध्ये ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ प्रमाणात आले. अल्गोलने जे १९६० मध्ये दिले होते, ते वेबच्या भाषेला पंचावन्न वर्षांनी लाभले. व्हार मात्र आजही जुन्याच अर्थाने जागेवर आहे.

आता माझे तेरावे पत्र. आवर्तनातील मोजणीचा आकडा मी व्हारने घोषित केला होता. त्यामुळे बाराही पत्रांना मिळून एकच आकडा होता. मोजणी १ पासून १२ पर्यंत गेली, पुढच्या पावलाला १३ झाली आणि थांबली. मी टिचकी मारेपर्यंत आवर्तन केव्हाच संपलेले असे, म्हणून प्रत्येक पत्र तोच उरलेला आकडा दाखवी. लेटमध्ये प्रत्येक फेरीला स्वतंत्र आकडा मिळतो. मी तो एक शब्द बदलला, पान पुन्हा उघडले आणि सातव्या पत्रावर टिचकी मारली. ७.