ठराव मंजूर, तळं बंद

डोक्यावर टोपी असू द्या. 1924 सालच्या महाडात बोडक्यानं हिंडलात, तर घरात कोण गेलं म्हणून लोक चौकशी करतील. मुंबईहून आगबोट, मग सावित्रीच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर दासगाव बंदर, आणि तिथून पाच मैल पायी. वाटेत तुम्हाला आधी नाव विचारतील, मग आडनाव. तिसरा प्रश्न विचारायची गरजच पडणार नाही, त्याचं उत्तर आडनावात आलेलं असेल. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. या गावात तुम्हाला कुठलं पाणी मिळेल, ते त्यावरच ठरणार आहे.

तारीख 5 जानेवारी. 2005 आणि 2021 चे पूर तुम्ही पाहिलेत किंवा टीव्हीवर तरी पाहिलेत, त्यामुळे महाड म्हटलं की तुम्हाला पहिल्या मजल्यापर्यंत चढलेलं पाणी आठवतं. आत्ता नदी शांत आहे. गाव छोटं आहे, व्यापारी आहे, रायगडाच्या पायथ्याशी आहे आणि खाडीच्या जिवावर जगतं आहे. म्युनिसिपालिटी 1901 च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्यानं चालते. अशा म्युनिसिपालिटीच्या सभेला जे विषय असतात ते तुम्हाला नवे नाहीत: गटार, दिवाबत्ती, घरपट्टीची थकबाकी. भिंतीला टेकून बसा. शंभर वर्षांनी तुमच्या गावच्या सभेतही साधारण हेच चालू असणार आहे.

आजच्या विषयांत एक मात्र वेगळा आहे. मुंबईच्या कायदे कौन्सिलात 4 ऑगस्ट 1923 ला सीताराम केशव बोले यांनी एक ठराव आणला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशानं बांधलेले किंवा सार्वजनिक संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. पुढच्याच महिन्यात सरकारनं त्याच्या अंमलाचे हुकूम खाली धाडले. तो कागद फिरत फिरत महाडच्या टेबलावर आला आहे. म्युनिसिपालिटी ठराव करते: चवदार तळं अस्पृश्यांना खुलं. ठरावाच्या वहीत नोंद होते आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते.

तुम्ही शंभर वर्षांनंतरचे, त्यामुळे तुमच्या अंगावर रोमांच येतील. आवरा. उद्या पहाटे तळ्यावर जा आणि पाहा.

तळं चांगलं चार-पाच एकरांचं आहे. चारही बाजूंना म्युनिसिपालिटीचे रस्ते, रस्त्यांपलीकडे घरं. घरं स्पृश्य हिंदूंची, थोडी मुसलमानांची. बायका घागरी भरून नेताहेत, कुणी धुणं धुतं आहे. मुसलमानांना इथलं पाणी चालतं. गुरंही पितात. अस्पृश्यांची वस्ती इथून लांब आहे, आणि तिथून आज कुणी आलेलं नाही. उद्याही येणार नाही. तळं खुलं झाल्याचं वहीत आहे, काठावर नाही. परवा या, पुढच्या महिन्यात या, पुढच्या वर्षी या. शाई वाळून जुनी होत जाईल, आणि तळ्यावर येणारी माणसं तीच राहतील.

ठराव एवढ्या सहज पास झाला, याचं एक कारण मला असं वाटतं की त्यासाठी कुणाला काही मोजावं लागलं नव्हतं. वरून कागद आला, खालून कागद गेला. कागदानं कुणाचं पाणी बाटत नाही. 5 ऑगस्ट 1926 ला बोल्यांनी कौन्सिलात पुन्हा ठराव आणला. जी म्युनिसिपालिटी किंवा लोकल बोर्ड आधीचा ठराव पाळणार नाही, तिची सरकारी मदत थांबवा, असा. तरीही महाडच्या काठावर पानही हललं नाही.

आता तीन वर्षं पुढे या. 19 मार्च 1927. शिमगा नुकताच होऊन गेला आहे, उन्हं चढू लागली आहेत. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आहे. जिल्ह्यातून आणि जिल्ह्याबाहेरूनही हजारो माणसं आली आहेत, बरीचशी पायी, भाकरी बांधून. परिषदेच्या उभारणीत रामचंद्र बाबाजी मोरे आहेत. अनंतराव चित्रे आहेत, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आहेत. आणि सुरेंद्रनाथ टिपणीस आहेत, ज्यांना लोक सुरबानाना म्हणतात. ते म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष. आपल्याच संस्थेच्या ठरावाला जागणारा अध्यक्ष आजही सहज सापडत नाही, म्हणून हे नाव लक्षात ठेवा. पण अध्यक्ष म्हणजे म्युनिसिपालिटी नव्हे, तेही लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

तहान लागली? मांडवात पाणी आहे, पण ते विकतचं आहे. या गर्दीसाठी चाळीस रुपयांचं पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं, कारण गावात या लोकांना हात लावता येईल असा पाणवठाच नाही. हातातला पेला नीट पाहा. म्युनिसिपालिटीच्या ठरावाप्रमाणे फुकट असलेलं पाणी रोख मोजून आणलं आहे. परिषदेतली भाषणं विसरलात तरी चालेल, ही चाळीस रुपयांची नोंद विसरू नका. स्थानिक कारभार म्हणजे काय, हे एवढ्या थोडक्यात सांगणारा दुसरा आकडा मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी, 20 मार्चला, सभेचं काम आटोपत आलेलं असताना चित्रे उठतात आणि सुचवतात, आता सगळ्यांनी तळ्यावर जाऊया. म्युनिसिपालिटीचा ठराव आहे, तो अमलात आणूया. मांडवातून लोक बाहेर पडतात. चार-चारांची रांग होते. तुम्हीही रांगेत या. पेठेतून जाताना दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी राहून बघताहेत. घोषणाबाजीची अपेक्षा ठेवली असेल तर ती सोडून द्या, रांग शिस्तीत चालली आहे. पुढे डॉ. आंबेडकर आहेत. तळ्याशी येतात, खाली उतरतात, ओंजळीत पाणी घेऊन पितात. मग मागचे उतरतात. तुमचीही पाळी येईल.

एका ठरावाची अंमलबजावणी व्हायला तीन वर्षं, अडीच महिने लागले. ती म्युनिसिपालिटीच्या कुठल्या कामगारानं, कारकुनानं वा शिपायानं केली नाही. ज्यांच्यासाठी ठराव होता, त्यांनाच ती करावी लागली.

परतताना फार रेंगाळू नका. दोनेक तासांत गावात आवई उठते, की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार. असं कुणी ठरवलेलं नाही, पण अफवेला ठराव लागत नाही आणि सूचक-अनुमोदकही लागत नाही. तीन वर्षं ज्या गावाला ठरावाच्या अंमलाची घाई नव्हती, ते गाव घटकाभरात लाठ्या घेऊन गोळा होतं. मांडवात काही जण जेवताहेत, काही गाठोडी बांधताहेत. लाठ्या चालतात, अन्न मातीत मिळतं, गावच्या वाटांवर एकटेदुकटे गाठून मारले जातात. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळतो. मामलेदार आणि पोलीस अंमलदार सरकारी बंगल्यावर आंबेडकरांना भेटायला जातात. आंबेडकरांचं म्हणणं एवढंच, की तुम्ही तुमच्या बाजूचे लोक आवरा, माझे मी आवरतो. ते आपल्या माणसांना हात उचलू देत नाहीत. त्या दिवशी गावात कारभार चालवणारा खरा माणूस कोण होता, याचं उत्तर कुठल्याही वहीत मिळणार नाही. बंगल्याच्या दारात उभे राहिलात तर दिसेल.

मग तळ्याची शुद्धी होते. एकशे आठ घागरी, दूध, दही, शेण, गोमूत्र, मंत्र. पाणी पुन्हा पिण्याजोगं झाल्याचं जाहीर होतं. हा विषय कुठल्या सभेपुढे आला नाही, आणि त्याला वेळही लागला नाही.

4 ऑगस्ट 1927. पावसात भिजत तुम्ही पुन्हा म्युनिसिपालिटीत आला आहात. बरोबर चार वर्षांपूर्वी, याच तारखेला, बोल्यांचा ठराव मुंबईत मंजूर झाला होता. आज महाडची म्युनिसिपालिटी 1924 चा स्वतःचा ठराव रद्द करते. मार्चमध्ये मी तुम्हाला सांगितलं होतं, की अध्यक्ष म्हणजे म्युनिसिपालिटी नव्हे. हे तेच. कुणीही पाणी पीत नव्हतं तोवर ठराव वहीत सुखानं पडून राहिला. कुणी पाणी प्यायलं, आणि तो चार-साडेचार महिन्यांत गेला. म्हणजे ठरावाला विरोध नव्हताच. विरोध होता तो त्याच्या वापराला. आजही गावोगावच्या कारभारात निम्मे ठराव असेच असतात, असं मी म्हटलं तर तुम्हाला राग येईल. मग तुमच्या नगरपालिकेचं मागच्या पाच वर्षांचं इतिवृत्त मागवा आणि मोजून बघा.

डिसेंबरात तळ्यावर पुन्हा उतरण्यासाठी सत्याग्रह ठरला आहे. त्यासाठी तुम्हाला दर्यानंच यावं लागेल. धरमतरवरून रस्ता जवळचा आहे, पण मोटारवाले या लोकांना नेणार नाहीत. 24 तारखेला मुंबईहून सुटणारी ‘पद्मावती’ बोट धरा. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे दोनेकशे जण तिच्यावर आहेत. 25 ला दुपारी हरिहरेश्वर, तिथून छोट्या बोटीनं दासगाव, आणि तिथून तुमचे ओळखीचे पाच मैल. महाडचे दुकानदार शिधा देणार नाहीत, म्हणून दहा दिवसांचं सामान आधीच आणून ठेवलं आहे. सभेला हिंदूंची जागा मिळाली नाही. मांडव फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाच्या जमिनीवर उभा आहे. त्या रात्री मनुस्मृती जाळली जाते, आणि ती जाळावी असा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण आहेत.

तळ्यावर मात्र या वेळी उतरता येणार नाही. 12 डिसेंबरला गावातल्या काही सवर्णांनी महाडच्या कोर्टात दावा लावला आहे. तळं सार्वजनिक नाही, आमच्या खासगी मालकीच्या स्वरूपाचं आहे, आणि अस्पृश्यांना तिथं न येऊ देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असं त्यांचं म्हणणं. 14 तारखेला कोर्टानं तात्पुरता मनाई हुकूम दिला. कुलाब्याचे कलेक्टर हूड स्वतः येऊन सभेला विनवतात, की कोर्टाचा निकाल लागेतो थांबा. माणसं तुरुंगात जायची तयारी करून आली आहेत, त्यामुळे मांडवात थांबायचं बहुतेकांच्या मनात नाही. आंबेडकर त्यांना समजावतात. सत्याग्रह तहकूब होतो. मिरवणूक निघते, तळ्याभोवतीच्या रस्त्यानं फिरते आणि पाण्याला हात न लावता परतते. तुम्हीही त्यात चाला. मार्चमध्ये जे पाणी तुम्ही ओंजळीनं प्यायलात, ते आता कोर्टाच्या ताब्यात आहे.

इथून पुढे तुम्हाला कागदांतूनच प्रवास करायचा आहे. फेब्रुवारी 1928 मध्ये मनाई हुकूम उठतो, पण दावा चालूच राहतो. 1931 मध्ये महाडच्या कोर्टात दावा फेटाळला जातो. फिर्यादी ठाण्याला अपिलात जातात, 1933 मध्ये तिथंही हरतात, आणि मुंबई हायकोर्ट गाठतात. मधल्या काळात आंबेडकर गोलमेज परिषदांना जाऊन आले, पुणे करार झाला, येवल्याची घोषणा झाली. खटला मात्र अजूनही त्या एका तळ्याचाच आहे.

शेवटचा मुक्काम हायकोर्टात. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’. न्यायासनावर ब्रूमफिल्ड आणि वाडिया. ब्रूमफिल्ड म्हणजे तेच, ज्यांनी 1922 मध्ये अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. मागे बसून शांतपणे ऐका, नाट्य काही नाही. प्रश्न एवढाच आहे, की अनादी वहिवाट शाबीत झाली का. झाली नाही. तळं म्युनिसिपालिटीच्या ताब्यातलं. अपील फेटाळलं जातं.

त्या दिवशी तारीख असते 17 मार्च 1937. पेठेतून चार-चारांच्या रांगेनं जाऊन लोकांनी ते पाणी प्यायलं, त्याला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.