मेणबत्तीचं माहेर

लघवी अडलेल्या आजोबांना नळी घालायची असली की वॉर्डात हाक येते, "16 नंबर दे." या नंबराला 3 ने भागायचं, की नळीची जाडी मिलिमीटरमध्ये निघते, 16 नंबर म्हणजे सव्वापाचला किंचित वर. पॅरिसमध्ये शस्त्रक्रियेची हत्यारं घडवणाऱ्या शारिएरने एकोणिसाव्या शतकात हे माप बसवलं. डॉक्टर आजही त्याला 'फ्रेंच' म्हणतात.

जाडीचे इतके बारीक टप्पे लागले कशाला? त्यासाठी मेणबत्तीकडे जावं लागतं.

अल्जीरियातलं बिजाया हे भूमध्य समुद्रावरचं बंदर. मध्ययुगात तिथलं मेण युरोपात जाई. फ्रेंचांच्या तोंडी गावाचं 'बुजी' झालं आणि मेणबत्तीलाही तेच नाव पडलं. पैठणची ती पैठणी, तसंच.

परम्याने किंवा मार लागून मूत्रमार्गात वण धरला की वाट आवळत जाते. तिथे वैद्य बारीक मेणबत्ती सरकवत. मेण अंगच्या उबेने मऊ पडे, वळणावर वळे. बाहेर काढल्यावर अरुंद जागेचा ठसाही त्यावर दिसे. मग पुढच्या खेपेला जरा जाड. पुढे मेण जाऊन रबर आणि धातू आले, पण सळईचं नाव बुजीच राहिलं.

सुश्रुताने तूप माखलेली लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची नळी सांगितली आहे. दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड. त्याचा रोख लिंगाच्या टोकाशी आवळलेल्या कातडीवर होता, त्यामुळे उगीच डंका पिटायला नको. युक्ती मात्र तीच.

या युक्तीची खोड एकच. ताणलेला वण फाटतो, भरताना पुन्हा वण धरतो, आणि रुग्ण पुन्हा दारात. वाढलेल्या प्रोस्टेटपुढे तर सळई हतबलच, कारण तिथे ग्रंथीच वाट दाबून बसलेली. म्हणून तिथे आधी दुर्बिणीतून खरवडणं आलं; आता वाफेने पेशी मारतात, नाहीतर टाचण्या मारून ग्रंथीच्या पाळ्या बाजूला ओढून धरतात.

वणासाठी मात्र जुनीच युक्ती नव्या रूपात आली. 2021 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या फुग्यावर पॅक्लिटॅक्सेल हे औषध असतं. फुगा वाट रुंदावतो, औषध वणाच्या पेशींची वाढ रोखतं. माप सांगतात तेही फ्रेंचमध्येच: 30 नंबरचा फुगा फुगला की 10 मिलिमीटर.