हारजीत नसलेला खेळ

आमच्या ईटमध्ये हल्ली पालक मला एक प्रश्न विचारतात. पोरगं मोबाइलवर माइनक्राफ्ट उघडून तासन्‌तास घरं आणि किल्ले बांधत बसतं. हा गेमच ना? मग तो पत्ते आणि रमीच्या पंगतीतला का? खरं तर हे दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींचा इतिहास वेगळा आहे.

पहिला प्रश्न संगणकाचा. १९७८ साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ नावाचं जग रचलं. ते नुसतं शब्दांचं होतं, पण अनेकांना त्यात एकाच वेळी वावरता येई. त्यात गुण मिळवून वर चढायचं होतं. १९८९ मध्ये जेम्स ॲस्पनेस यांच्या ‘टायनीमड’ने ही चढाओढच काढून टाकली. लोक तिथे गप्पा मारत, नव्या खोल्या रचत. त्याच वर्षी विल राइट यांचं ‘सिमसिटी’ बाजारात आलं. शहर बसवायचं, पण जिंकणं-हरणं नाही, म्हणून एका प्रकाशकाने ते आधी नाकारलं होतं. राइट स्वतः त्याला ‘खेळणं’ म्हणत. २००३ मध्ये आलेल्या ‘सेकंड लाइफ’चे निर्माते तर हा गेम नाहीच, असं सांगत.

मराठीला हा पेच पडायचं कारण नाही. सारीपाटात हारजीत असते. भातुकलीत, बाहुला-बाहुलीच्या लग्नात किंवा दिवाळीच्या मातीच्या किल्ल्यात कोण जिंकतं? तरी आपण त्यांना खेळच म्हणतो. माइनक्राफ्ट या दुसऱ्या घरातलं आहे.

दुसरा प्रश्न धर्माचा. हजरत आयशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत. त्यांत पंखांचा एक घोडाही होता. तो पाहून प्रेषित मुहम्मद (स.) हसले, असं हदीसमध्ये येतं. फाशांच्या ‘नर्द’ला मात्र बहुतेक उलेमांनी मनाई केली. बुद्धिबळावर मतभेद राहिले. हनफी उलेमांनी कडक भूमिका घेतली, तर इमाम शाफिईंनी पैजेविना खेळलेलं बुद्धिबळ नापसंत ठरवलं, पण हराम म्हटलं नाही. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफिई, आम्ही मराठवाड्यातले हनफी. पण पैज लागली की तो जुगार, यावर दोघांचं एकमत आहे.

आभासी जगातही हीच कसोटी लागते. २००७ साली सेकंड लाइफमध्ये दोन गोष्टी घडल्या. कंपनीने तिथे चालणारे जुगाराचे अड्डे बंद केले आणि ‘इस्लामऑनलाइन’ने हजचे विधी शिकवण्यासाठी तिथेच मक्का उभारली. जग एकच, पण एका कोपऱ्यात जुगार आणि दुसऱ्यात हजची तालीम. अशा जगाला सरसकट हलाल किंवा हराम कसं म्हणणार? भारताच्या २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानेही पैसे लावून खेळायचे गेम वेगळे काढून त्यांवर बंदी घातली. ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळ त्या बंदीबाहेर आहेत.

म्हणून मी पालकांना सांगतो, नावावर जाऊ नका. पोरगं त्यात काय करतं ते शेजारी बसून पाहा. पैसे मागितले, तर कशासाठी ते विचारा. नशिबावर उघडणारी पेटी विकत घ्यायची असेल, तर तिथे हात आखडा. अभ्यास आणि नमाज बुडत असेल, तर वेळ बांधून द्या. आणि नुसता किल्ला बांधत असेल, तर परांड्याचा किल्ला एकदा दाखवून आणा. पुढचा बुरूज तो अधिक चांगला बांधेल.